वरच्या मजल्याचं पाणी

अण्णा, परवा शनिवारी सकाळी मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या माणसाचं पाणी तोडलं. लिफ्टशेजारच्या कपाटात सगळ्यांचे पाण्याचे मीटर आहेत. त्याच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह घट्ट फिरवला, कपाटाला माझं कुलूप घातलं आणि घरी येऊन चहा प्यायलो. चहा फार छान लागला. तुम्ही असतात तर मला तिथल्या तिथे कुलूप काढायला लावलं असतंत, आणि वर माफी मागायलाही पाठवलं असतंत. म्हणूनच लिहितोय. या विषयावरचं आपलं भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

हा माणूस कोण ते आधी सांगतो. मस्कतमध्ये हल्ली काही संकुलांत आपल्यासारख्या परदेशी माणसालाही घर विकत घेता येतं. तशाच एका संकुलात आम्ही राहतो. खाली पोहण्याचा तलाव, फाटकापासून खजुरांची रांग, पायऱ्यांना इतका गुळगुळीत दगड की तुम्ही खालीच चपला काढून हातात घेतल्या असत्यात. वरचा माणूस पुण्याचा. एका मोठ्या कंपनीत माणसं नेमणं आणि काढणं हे त्याचं काम. शिवाय तो आमच्या इथल्या फ्लॅटमालकांच्या समितीचा अध्यक्ष आहे. लिफ्टमध्ये त्याने एक चकचकीत पाटी लावली आहे, चांगला शेजारी कसा असावा यावर. दाराबाहेर चपला ठेवू नयेत, मुलांना पॅसेजमध्ये पळू देऊ नये, मसाल्याचा वास बाहेर येणार नाही अशी काळजी घ्यावी. दर शुक्रवारी तो ग्रुपवर शेजारधर्माबद्दल चार ओळी टाकतो, खाली जोडलेले हात. लोक अंगठे दाखवतात. आमच्याकडे बांगडा तळला की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर हमखास 'सर्वांना नम्र आठवण' येते.

तर या सद्गृहस्थाने गेल्या हिवाळ्यात आपल्या स्टोअर रूमचं बाथरूम करून घेतलं. कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं ते समितीला आणि समिती म्हणजे तोच. त्यात टब बसवला. ती स्टोअर रूम बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या वर आहे. महिन्याभरात आमच्या छताला पिवळा डाग पडला, मग तो पसरला, मग ठिबकायला लागला. मी वर गेलो. म्हणाला, "अरे, ही बिल्डरची चूक आहे. वॉटरप्रूफिंगच निकृष्ट. तू रीतसर तक्रार टाक ना, आपण मीटिंगमध्ये घेऊ." मी तक्रार टाकली. ती मीटिंगमध्ये आली आणि पुढच्या मीटिंगवर गेली. त्या मीटिंगमध्ये लिफ्टमधल्या आरशाची चौकट सोनेरी असावी की चंदेरी यावर एवढी रंगलेली चर्चा झाली की वेळच उरला नाही. मी तिथे गप्प बसलो, अण्णा. हात मांडीवर ठेवून, अगदी तुमच्यासारखा.

तुम्ही कसे बसायचात ते मला स्वच्छ दिसतं. इथून दूर दक्षिणेला, सलालाहचं ते दोन मजली घर, खाली आपण, वर तुमच्या बंदरावरच्या ऑफिसातला हिशेबनीस. त्याच्या मोरीचं पाणी आपल्या स्वयंपाकघरात झिरपतंय. खरीफचे, तिथल्या पावसाळ्याचे दिवस, बाहेर धुकं आणि झिमझिम, घरात काहीच वाळत नाही, आणि आई ओल्या भिंतीला पाठ लागू न देता भाकऱ्या थापते आहे. तुम्ही वर्कशॉपमधून प्लास्टिकचा मोठा कागद आणलात, छताखाली सुतळीने बांधलात, आणि एक टोक असं खाली ओढून घेतलंत की पाणी सरळ सिंकमध्ये पडावं. काम सुबक होतं. तुम्ही खाली उभे राहून कौतुकाने त्याकडे बघत होतात, आणि मला रडू येत होतं. मी दहा वर्षांचा असेन. तडक वर गेलो आणि त्याच्या दारावर लाथा घातल्या. तुम्ही मला मारलं नाहीत. फक्त म्हणालात, "बाबू, शेजारी आसत ते. उद्या त्यांचीच गरज लागतली." आणि मागच्या बागेतून आणलेला केळ्यांचा फणा माझ्या हातात देऊन मला परत वर पाठवलंत. त्या माणसाने दाराची साखळी काढली नाही. फटीतून हात बाहेर काढला, फणा आडवा करून आत ओढला, आणि दार लावलं. मी खाली येऊन सांगितलं तर तुम्ही हसलात. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

तुम्ही म्हणायचात ती त्यांची गरज कधी लागली ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. मी कॉलेजसाठी रत्नागिरीला होतो, तुम्ही वर्कशॉपमध्ये उभ्याउभ्या कोसळलात, आणि आई त्या घरात एकटी होती. वरचा माणूस खाली आला. दारातच उभा राहिला आणि आईला म्हणाला, "वहिनी, वाईट झालं. घर कधीपर्यंत खाली होईल? माझा पुतण्या यायचाय." बाकी सगळी धावपळ केली ती बंदरावरच्या रायगडच्या दोघा मुसलमान पोरांनी. त्यांना तुम्ही कधी केळीबिळी दिली नव्हतीत. आईने हे मला फार वर्षांनी सांगितलं, आणि तेही त्या माणसाची बाजू घेत: "बिचारो घाबरलो आसतलो." तुम्ही दोघं एकमेकांना शोभत होतात.

आता गुरुवारची गोष्ट. तुमची सून सकाळी पोह्यांना फोडणी घालत होती आणि भिजून फुगलेलं छत धाडकन खाली आलं. कढई उलटली, तेल तिच्या हातावर उडालं, मनगटापासून कोपरापर्यंत. मी तिचा हात नळाखाली धरला होता तेव्हासुद्धा वरून टबाचं पाणी धो धो वाहत होतं. साहेब आंघोळ करत होते. दवाखान्यातून आल्यावर मी वर गेलो. तो कानाला फोन लावून होता. मला एक बोट दाखवलं, थांब म्हणून, आणि दार लोटून घेतलं. मी थांबलो. दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ग्रुपवर आलं: 'अडचणी सगळ्यांनाच असतात. त्या योग्य मार्गाने कळवाव्यात. कुणाच्या दारात उभं राहू नये.' खाली जोडलेले हात. तुमच्या सुनेने ते वाचलं आणि पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवत म्हणाली, "सासऱ्यांनी तुम्हाला फक्त हात जोडायलाच शिकवलं का हो?"

म्हणून शनिवारी कुलूप.

तो सकाळी व्यायामाला गेला होता. दुपारी घामेजून परतला, नळ उघडले, मग मेंटेनन्सच्या मल्याळी सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझरने कपाटाचं कुलूप पाहिलं, माझ्या दाराकडे पाहिलं, आणि "सर, ये मेरा लॉक नहीं है" एवढं म्हणून जिन्याने निघून गेला. मग अध्यक्ष माझ्या दारात. कुणाच्या दारात उभं राहू नये असं सांगणारा माणूस दारात उभा होता, अण्णा, आणि मी त्याला बसा म्हणालो नाही. "हे तू केलंस? हे बेकायदेशीर आहे, माहितेय ना?" मी म्हटलं, "हो, माहितेय. चला, दोघं मिळून पालिकेत जाऊ. तुम्ही कुलूप दाखवा, मी तुमचा टब दाखवतो." त्याचा चेहरा असा उतरला की मला चौथीची स्कॉलरशिप मिळवल्याचा आनंद झाला. संध्याकाळी गाला नावाच्या कारखान्यांच्या भागातून दोन प्लंबर आले. टब उखडला. रात्रीच्या आत पाइप बंद झाला, आणि छत नवीन करून देण्याचं त्याने लिहून दिलं. इतक्या महिन्यांच्या नम्रतेने जे झालं नाही, ते एका कुलपाने झालं. आता लिफ्टमध्ये लोक मला जागा करून देतात, पण बोलत कुणी नाही. मला चालतं. ग्रुपवर अंगठे दाखवणाऱ्यांशी बोलायचं तरी काय?

भांडण मी जिंकलोय. पण एक गोष्ट मी वर गाळली, आणि ती तुमच्या सुनेलाही सांगितलेली नाही.

तो परत यायच्या आधी, सकाळीच, तुमची सून आत झोपलेली असताना बेल वाजली होती. दारात एक म्हातारी बाई, नऊवारीत, हातात रिकामं पातेलं. वरच्याची आई. नुकतीच गावाहून आली होती, ती आल्याचं मला माहीतही नव्हतं. म्हणाली, "बाळा, पाणी गेलंय रे आमच्याकडचं. मुलगा बाहेर गेलाय, फोन उचलत नाही. गोळी घ्यायची होती. तुमच्याकडे येतंय का?" माझ्या खिशात कुलपाची किल्ली होती. मी पातेलं घेतलं, आत जाऊन पिण्याच्या पाण्याने भरलं, शिवाय एक मोठी बादली भरली, आणि दोन्ही तिच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. तिने मला बसवलं. गाव विचारलं, आईवडील विचारले. मी सांगितलं की दोघंही नाहीत. येताना मी कपाटासमोर थांबलोही होतो. व्हॉल्व्ह उघडला नाही. संध्याकाळपर्यंत तिला पाणी मीच नेऊन दिलं, दोनदा.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही ते बरंच आहे. सकाळी मी निघताना त्या म्हातारीने दारापर्यंत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "वडिलांनी चांगलं वळण लावलंय हो तुला." मी तिला नमस्कार केला, आणि खरं सांगतो, मला ते ऐकून बरं वाटलं.