वीस अंश आणि फ्रिजमधला रोल

मी, खाली सही करणारा, धंद्याने फोटोग्राफर, आता घरी बसलेला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दबावाचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. धाकटा भाऊ परवा फळे घेऊन आला होता. एरवी तो रिकाम्या हाताने येतो.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलीला. जावयाने भिंती पाडू नयेत. आला की भिंतीवर टकटक करून बघतो, ते मला दिसते.

२. कॅमेरे आणि फोटो मोठे करायचा एन्लार्जर धाकट्याला. भिंगांवर मी बारीक खुणा करून ठेवल्या आहेत. कोणी अदलाबदल केली तर कळेल. कोणाला कळेल, ते सांगणार नाही.

३. थर्मामीटर मुलीला. रोल धुण्याचे रसायन, म्हणजे डेव्हलपर, वीस अंशांच्या वर गेला की निगेटिव्हची माती होते, हे मी जन्मभर सांगत आलो. धाकटा म्हणायचा, "दादा, बर्फ कशाला घालत बसतोस? चोवीसवर धू, वेळ कमी कर, झालं!" यावरूनच आमचे स्टुडिओ वेगळे झाले. मागच्या उन्हाळ्यात मुलीने नवा थर्मामीटर आणला. दोन्ही एकाच पाण्यात बुडवले, तर माझा वीस दाखवतो आणि तिचा चोवीस! पहिला संशय अर्थातच धाकट्यावर, यानेच बदलला असणार. पण काचेवरचा ओरखडा माझ्याच हातचा. म्हणजे माझा थर्मामीटरच पठ्ठ्या पहिल्यापासून खोटे सांगत होता, आणि रोल बिघडवत बिघडवत मी माझ्या वेळा त्या खोट्यावरच बसवल्या. आयुष्यभर धाकट्याच्या चोवीसवर रोल धुतले की मी! हे त्याला माझ्या पश्चातही कळू नये.

४. फ्रिजच्या वरच्या कप्प्यातला रोल. हा माझ्या बायकोने काढलेला. शेवटच्या आजारपणात तिने कॅमेरा मागून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही विचारायचं नाही." धाकटा तेव्हा रोज येऊन तिच्याजवळ बसायचा. दोघे हसायचे, मी खोलीत शिरलो की गप्प. रोल धाकट्याला द्यावा. रोल धुण्याच्या माझ्या वेळा न्हाणीघराच्या दारामागे लिहिल्या आहेत, त्या माझ्याच थर्मामीटरला लागू पडतात, आणि तो मुलीकडे. दोघांनी मिळूनच धुवावा. एकट्यावर माझा भरवसा नाही.

इथवर वाचून साक्षीदार डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्ही चांगले धडधाकट आहात की! स्वतःच का धूत नाही?"

मी म्हणालो, तापमानाची खात्री नाही. त्यांनी सहीसाठी काढलेले पेन परत खिशात ठेवले. मग बोलून टाकले: तिने कोणाकोणाचे फोटो काढले आणि त्यात मी एकदाही नसलो, तर? मला ते सोसणार नाही.

दुसऱ्या साक्षीदार, खाली शिवणकाम करणाऱ्या बाई, भिंतींकडे बघत होत्या. म्हणाल्या, "दादा, एवढे फोटो लावलेत. तुमचा एक तरी आहे का हो?"

सगळ्या खोल्या फिरून आलो. नाही.

असलोच कुठे, तर त्या रोलमध्येच असेन. कलम ४ रद्द. धाकट्याला फोन केला आहे. उद्या सकाळी येतो म्हणाला. बर्फ आणू का, असे विचारत होता. मी म्हटले, नको, चोवीसवर धुऊ.

साक्षीदार:
(१) शेजारचे डॉक्टर (सही)
(२) तळमजल्यावरच्या शिवणकामाच्या बाई (सही)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ७ मार्च, शनिवार

लिहून ठेवणार: धाकट्याचा दादा (सही)