बदनापूरहून गाडी धरू नकोस

जालना, शुक्रवार, दुपारचे दोन

प्रिय पारस,

उद्या सकाळी बदनापूरला जाऊ नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण ही एक ओळ शिखावहिनींना आत्ताच ऐकव, म्हणजे बॅगा भरायचं काम तरी थांबेल. तुझा फोन परवापासून बंद आहे. तुझ्या घरासमोर पानटपरीवर जो टोपीवाला बसून राह्यला तो पान खायला बसलेला न्हाई, हे तुझ्याही ध्यानात आलंच असेल. म्हणून मी स्वतः येत नाही. माझी बायको बेबीनंदा काकूंना, तुझ्या आईला, भेटायचं निमित्त करून डबा घेऊन येईल, डब्याच्या खालच्या पुडात हे पत्र. बायकांच्या डब्याकडे वसुलीवाला बघत नाही. अकरा वर्षं मी त्या धंद्यात काढली, एकदाही बघितलं नाही.

बुधवारी दुकानामागच्या गल्लीत तू मला वसुलीवाल्यांचं तिसरं पत्र दाखवलंस, ते सुद्धा गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून, चोरासारखं. ज्याच्याकडून एक पेला घ्यायचा तर गिऱ्हाइकाला अर्धा तास हुज्जत घालावी लागते, तो पारसशेठ! दोन वर्षं दुकानासमोर रस्ता खोदून ठेवला, त्या खड्ड्यातून बायका भांडी घ्यायला येईनात, शोरूमसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते तटले. ह्यात तू कुणाचं काय चोरलंस? पण ती पत्रं वाचून वाटावं, तू दरोडाच घातलास. पहिल्यात रक्कम होती, दुसऱ्यात अटक, आणि तिसऱ्यात पलकच्या शाळेचं नाव. ‘आपल्या कन्येची शाळा सुटण्याची वेळ आम्हांस माहीत आहे.’ तेवढं वाचून तू ठरवून टाकलंस, शनिवारी रिक्षानं बदनापूर गाठायचं, जालन्याच्या स्टेशनात ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून तिथून गाडी धरायची, आणि काकू, वहिनी, पलक, तू, चौघांनी मामाकडे राजस्थानात पालीला निघून जायचं.

पारस, ते वाक्य मला पाठ आहे. आमच्या ऑफिसात ते टाइप करून ठेवलेलं असायचं, शाळेच्या नावाची जागा तेवढी कोरी. आमच्या साहेबाचा हिशेब सरळ होता. घरात बसलेल्या माणसाकडून एक हप्ता निघतो. पळणारा माणूस बायकोचं सोनं, लेकीच्या लग्नाचं ठेवलेलं, होतं नव्हतं ते सगळं एका पिशवीत भरून बाहेर पडतो. तिसरं पत्र त्यासाठीच असतं. तू ते वाचून बरोबर तेच करून राह्यला.

तुला मी हे आधी कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात! सतराव्या वर्षी शहागडहून आल्तो तेव्हा तुझ्या बाबांनी, सोहनलालशेठनी, मला गोदामात खोकी उतरवायला ठेवलं. पितळी हंडा आला की ते नखानं टिचकी मारायचे आणि म्हणायचे, अंगद, आँखें बंद कर, अब बोल. चीर गेलेल्या हंड्याचा नाद अर्धवट येतो, डोळ्याला चीर दिसायच्या आधी कानाला कळते. महिन्याभरात मी बाबांच्याही आधी सांगायला लागलो. तू त्या वेळी कॅलक्युलेटरवर बोटं आपटत मला खिजवायचास, ह्याचे कान बघा, सशासारखे. काकू दुपारी ताट वाढून म्हणायच्या, ससा जेवला का? दोन वर्षं मी त्या माउलीच्या हातचं खाल्लं.

तेच कान मी पुढं वसुलीला लावले. दारावर थाप मारायच्या आधी मी मिनिटभर नुसता उभा राहायचो. आत टीव्ही एकदम बारीक झाला, कुकरखालचा गॅस शिट्टी यायच्या आत बंद झाला, कुणीतरी लेकराला दटावलं, की समजायचं, माणूस घरात आहे. बाई दार उघडून म्हणायची, ते गावाला गेलेत. मी हसून म्हणायचो, वहिनी, गावाला गेलेला माणूस मोरीत खाकरतोय बघा. सोबतची पोरं खदखदा हसायची. त्या बाईच्या चेहऱ्याकडे मी कधी बघत नसे.

बद्रीनाथ म्हणून एक टेम्पोवाला होता, राजूरचा. तिथल्या गणपतीच्या देवळासमोरच्या दुकानदारांचे नारळ आणायचा. त्याचे पाच हप्ते तटले. आम्ही चौघं टेम्पो ओढून न्यायला गेलो तो नेमका चतुर्थीचा दिवस. बद्रीनाथ दारात उभा राहिला, म्हणाला, पैसे न्हाईत, असतील तेव्हा देईन, घरात या, बसा. आमच्यातल्या एकानं त्याची कॉलर धरली मात्र, समोरच्या नारळवाल्या बाया उठल्या. एक म्हणाली, कोण रे तुम्ही, ह्याचे जावई? कागद दाखवा आधी. दुसरी म्हणाली, हात काढ न्हाई तर नारळ तुझ्याच टाळक्यात फोडते, गणपतीला आज तेवढाच कमी. शंभर माणूस जमलं. आम्ही चौघं दांडगे, पण गाडीत बसून असे निघालो की मागं वळून बघितलं न्हाई. त्याच संध्याकाळी साहेबानं बद्रीनाथला तिसरं पत्र धाडलं. त्याच्या पोरीची शाळा, सुटायची वेळ.

आठव्या दिवशी तो पळाला. शहागडला हायवेलगत मेव्हण्याचं गोदाम होतं, तिथं ताडपत्रीखाली टेम्पो लपवून राहिला. त्याचा सायलेन्सर फुटका होता. एकदाच त्यानं तो बाहेर काढला, मी पुलाजवळ चहा पीत होतो आणि तो आवाज कानावर आला. हजार टेम्पोंत मी तो ओळखला असता.

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. आधी मी गप्पा मारल्या, कारण गोड बोलायचं काम माझं. बद्रीभाऊ, चहा घ्या, म्हटलं, सोबत आणलाय. त्यानं ग्लास तोंडाला लावला आणि मागून फॅनबेल्टचा पहिला फटका मानेवर बसला. काच दातांवर फुटली. तो पडला तशा लाथा सुरू झाल्या, पोटात, बरगडीत, मांडीत. तोंडावर मारायचं न्हाई, तोंडाचे फोटो निघतात, ही आमची अक्कल. तो रक्त थुंकत होता तरी छातीशी धरलेली पिशवी सोडत नव्हता. तिच्यात बायकोची पोत होती आणि पोरीचे पैंजण. मंग मी त्याचा डावा हात ओढला, टेम्पोच्या दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. एकदा न्हाई, पारस, दोनदा. पहिल्या वेळी तो ओरडला. दुसऱ्या वेळी त्याच्यात ओरडायचं बळ उरलं नव्हतं, म्हणून हाडं मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

पलीकडे ढाब्यावर माणसं जेवत होती. एक जण उठला, त्यानं विचारलं, काय झालं हो? मी म्हटलं, चोर आहे, टेम्पो घेऊन पळाल्ता. तो म्हणाला, मारा साल्याला, आणि परत पोळी मोडायला बसला. त्या गावात बद्रीनाथला ओळखणारं कोण होतं? राजूरात हेच बोललो असतो तर त्या बायांनी आम्हाला तिथंच झोपवलं असतं. त्याची तीन बोटं आजही वाकत नाहीत. तक्रार त्यानं केली न्हाई. टेम्पो लपवला तूच, पोलिसात गेलास तर आत तूच जाशील, असं मीच त्याला पाणी पाजता पाजता समजावलं होतं.

म्हणून सांगतो, घरात राहा, आणि ते सुद्धा दार उघडं ठेवून. दुकानही उघड. शेजारच्या चार जणांना तिन्ही पत्रं वाचून दाखव. तुला लाज वाटते, माहीत आहे. त्या लाजेवरच ह्यांचा धंदा चालतो. पत्रं फाडू नकोस, पाकिटं सुद्धा जपून ठेव. त्या अटकेच्या कागदावर कोर्टाचा शिक्का न्हाई, केस नंबर न्हाई, नुसती लाल अक्षरं आहेत. हप्ता तटला म्हणून कुणी वसुलीवाला कुणाला अटक करू शकत नाही. कोर्टाचं खरं समन्स आलं, चेक परत गेल्याचं आलं, तर मात्र वकील घेऊन हजर राहायचं, ते टाळायचं न्हाई. पत्राला पत्रानंच उत्तर दे, रजिस्टर पोस्टानं, पोचपावती लावून. दुकानाचं काय झालं, महिन्याला किती झेपेल, तेवढंच लिही. झेपत नसेल तो आकडा भीतीनं लिहू नकोस. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करायची न्हाई. पलकच्या शाळेचं वाक्य खाली रेघ मारून पोलिसांना दे, एक प्रत रिझर्व्ह बँकेच्या तक्रारीसाठी लाव, आणि शाळेत बाईंनाही जाऊन दाखव. कर्ज ह्यानं मिटणार न्हाई. ते पाच-सात वर्षं फेडावं लागेल, कदाचित शोरूम जाईल. पण तुझी बोटं शाबूत राहतील.

आता हे सगळं आज घाईनं का लिहितोय ते सांगतो. सात वर्षांपूर्वी मी तो धंदा सोडला आणि टायरचं दुकान टाकलं असं तू समजतोस, म्हणून तर बुधवारी मन मोकळं केलंस. गाड्या ओढणं मी सोडलं होतं, बातमी विकणं न्हाई. तू गल्लीतून गेलास त्याला तास झाला नसेल, त्याच साहेबाचा फोन आला, तुमच्या भांडीवाल्याचं काय चाललंय म्हणून. आणि मी सांगितलं. शनिवार, बदनापूर, सकाळची गाडी, चौघं जण, सोनं सोबत. पंधरा हजार ठरले. माझी जीभ अडखळली सुद्धा न्हाई, पारस. आज सकाळी त्याची चार माणसं माझ्याकडे टायर खोलायच्या दोन लोखंडी टॉमी मागायला आली. मी विचारलं, पंक्चर कुठं झालं? एक हसून म्हणाला, व्हायचंय अजून काका, उद्या बदनापूरला. मी टॉमी दिल्या. चहा पाजला. जाता जाता दुसरा म्हणाला, म्हातारी पण आहे म्हणे संगं, म्हातारीच्या कानातलं एका झटक्यात निघतं. ते गेले, आणि मी शटर ओढून नोटरीकडे गेलो. ह्या पत्रासोबत स्टॅम्पपेपर आहे, माझी सही केलेला. शहागडला बद्रीनाथचं काय केलं ते तारखेनिशी आहे त्यात, उद्या बदनापूरला काय करायचं ठरलंय ते आहे, आणि ते ठरवणाऱ्या साहेबाचं नाव आहे. आज संध्याकाळच्या आत शेजारच्यांना घेऊन ठाण्यात जा आणि हा कागद टेबलावर ठेव. मला वाचवायला बघू नकोस. शहागडला बद्रीनाथला मारणाऱ्या आम्हा चौघांची नावं त्यात आहेत, पहिलं माझं.

अजूनही म्हणू दिलंस तर, तुझाच,
अंगद