खरखरीला पाचपैकी किती

आखन (जर्मनी), १२ मार्च २०१६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

जानेवारीपासून तुम्ही फोन बंद करून पत्रांचा हट्ट धरलात, म्हणून हे पत्र. हल्ली पत्रं कोण लिहितं, असं सुमितने विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडचे रिटायर झालेले रेडिओवाले. पण खरं सांगू? मला राग आलाय. आमची कुहू पाच वर्षांची. आजोबा माझ्याशी बोलत नाहीत म्हणून रुसून बसलीय. बोलते जर्मनच, पण तुमचं मराठी तिला सगळं कळतं.

आता कामाचं. नॉर्वे पुढच्या वर्षापासून एफएम बंद करायला घेणार, म्हणून आमच्या कंपनीत गाडीच्या स्वस्त रेडिओतून एफएम काढून नुसतं डिजिटल ठेवायचं घाटतंय. तपासायला मला लक्झेंबर्गला पाठवलं. एवढासा देश, गाणं रंगात येईपर्यंत संपतो! तिथे डिजिटलचा अजून पत्ता नाही. जर्मनीतलं स्टेशन सीमेनंतरही थोडा वेळ स्वच्छ लागलं आणि एका वळणावर एकदम गप्प झालं. एफएम डोंगरातही खरखरत का होईना, चालू होतं. साहेबांचं मत, खरखर लोकांना नकोच असते. सुमित ऑफिसच्या कामासाठी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर डिजिटल आणि एफएम, दोन्ही रेकॉर्डिंग पाठवते. आकाशवाणीत द्यायचात तसे पाचपैकी मार्क द्या.

राग आहे, पण माया त्याहून जास्त आहे, तीच मोजावी.

तुमची,
नीलिमा

सांगली, ३ एप्रिल २०१६

चि. नीलिमास,
अ. उ. आ.

जावईबापू येऊन गेले. भडंग मागून घेऊन खाल्लं, बरं वाटलं.

एफएम जाताना सांगून जातं. आवाज पातळ होतो, खरखर वाढते, तेवढ्यात माणूस उठून एरियल फिरवतो. तुमचं डिजिटल निरोप न घेता जातं. आपल्याकडेही डिजिटल ट्रान्समीटर बसवताहेत, पण ऐकायचा संच कुणाच्या घरी आहे? वरात निघाली, नवरदेवाचा पत्ता नाही! तेव्हा छोटा देश थांबला असेल तर त्याला हसू नका. थांबण्यातही शहाणपण असतं.

दोन्ही रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकली. दोन्हींना पाचपैकी पाच. खरखर अजिबात नाही, तुम्ही एफएमला उगाच बदनाम करता. फोनचं विचारू नकोस. पत्र चार वेळा वाचता येतं, एवढंच समज.

इकडची काळजी नसावी, तिकडची खुशाली कळवीत जावी.

बाबा

आखन, १९ एप्रिल २०१६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, एफएमच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत फोडणी तडतडावी तशी खरखर आहे. मी लावलं की कुहू कानांवर हात ठेवते. आणि तुम्ही पाच मार्क दिलेत! स्टेशन जरा सरकलं तर तुम्ही आंघोळ सोडून ओरडायचात. वय झालं की कान बारीक, उंच आवाज आधी सोडतात, हे मला तुम्हीच शिकवलंत. फोन का बंद झाला, ते आत्ता कळलं. तुमच्यावर रागावले याचं फार वाईट वाटतंय.

एफएम ठेवा, असा रिपोर्ट मी दिलाय. साहेबांचा निर्णय व्हायचाय, बघू. मेअखेरीस मी आणि कुहू येतोय. कान तपासून घेऊ, मशीन लावू. नाही म्हणायचं नाही. फक्त ती आजोबांकडे यायला तयार नाही. नुसतं फोन बंद झाल्याचं नाही, आणखी काहीतरी आहे, पण ते सांगत नाही.

सांभाळून असा, आणि आम्हाला धरून असा.

तुमची,
नीलिमा

सांगली, २ मे २०१६

चि. नीलिमास,
अ. उ. आ.

पकडलंस. जन्मभर आवाज सांभाळला आणि आता कुणी बोललं की अंदाजाने हो हो म्हणतो. बायकापुरुषांचं अर्धंमुर्धं कळतं, लहान पोरांचं काहीच नाही. सांगायची लाज वाटली.

कुहू का येत नाही, ते मला ठाऊक आहे. संक्रांतीला तू ऑफिसात असताना सुमितने फोन लावून तिच्या हातात दिला होता. तिने काहीतरी विचारलं. मी आपला हो हो म्हणालो. तिचं रडणं तेवढं कळलं, आणि फोन बंद झाला. तेव्हापासून मी फोनला हात लावला नाही. सुमित इथे आला तेव्हा त्याला खोदून विचारलं, आणि तुला सांगू नका म्हणून विनवलं. पोरीने त्या दिवशी मुद्दाम मराठीत विचारलं होतं की आजोबा, मी तुम्हाला आवडत नाही का. 

कान तपासू, मशीन लावू, तू म्हणशील ते करू. पण ते मेअखेरीस. हे पत्र मिळाल्याबरोबर तिला जवळ घे आणि सांग, आजोबांना ऐकूच आलं नव्हतं.

तुम्हा तिघांवर जीव आहे, तो आता लिहूनच सांगतो.

बाबा