तिसरी हाक

बदनापूर, शनिवार दुपार

प्रिय प्रियदर्शनी,

तू माझ्या अहवालाची शेवटची पानं मागते आहेस आणि मी तुला कागदावर पत्र लिहिते आहे. चिडशील, चीड. फोन मी बंद करून ज्वारीच्या कोठीत ठेवला आहे.

आधी चांगलं सांगते. तुझं ‘सोबत’ ॲप टेंभुर्णीत खरंच चालतं. आई कापूस वेचायला गेली आणि आजीचा डोळा लागला, की भिंतीवरचा फोन लेकरावर लक्ष ठेवतो. लेकरू दाराकडे निघालं की आईच्याच आवाजात त्याला हाक मारतो. मोठ्या कंपन्यांना या गावांचा पत्ताही नाही, म्हणून स्पर्धाही नाही. ही बलस्थानं मी लिहिली. कमजोरी एकच होती, दोन हाका मारूनही लेकरं ढिम्म हलत नव्हती. तू म्हणालीस, आवाज वाढवू. मी सहा नातवंडं सांभाळलेल्या उषाबाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, “ताई, आमची लेकरं तिसऱ्या हाकेलाच ओ देत्यात. पयल्या दोन कोनाच्या, काय सांगावं? तिसरी मान्साचीच.”

मी लगेच शिफारस लिहिली, हाका दोनऐवजी तीन. तू आठवड्यात बदल केलास, लेकरं वळायला लागली, तू मला पेढे पाठवलेस. बाईंनी काय सांगितलं ते मी ऐकलं, का सांगितलं ते नाही. माणूस ओळखायची लेकरांपाशी एकच खूण होती. ती आपण यंत्राला देऊन टाकली.

पुढच्या महिन्याच्या नोंदींत हाकांपेक्षा लेकरांच्या ‘ओ’ जास्त निघाल्या. फोनने हाक मारलीच नव्हती, तरी लेकरं ओ देत होती. मी ती नोंदीतली चूक समजले आणि तळटीप टाकून मोकळी झाले. स्वतःची लाज वाटते.

आमच्या बदनापूरच्या घरातही मी ‘सोबत’चा फोन लावला होता. मंगळवारी भर दुपारी मी भाकरी थापत होते. आमची अर्पिता सापडली मागच्या विहिरीच्या कठड्यावर, एक पाय आत सोडून बसलेली. म्हणाली, आई, तूच तर इथून तीनदा बोलावलंस. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती आणि फोन मेलेला होता. पहिल्या दोन हाका ज्याच्या असतात, ते आता आपल्या यंत्राकडून तिसरी शिकलं आहे.

सोमवारी ‘सोबत’ अंबड आणि जाफराबादच्या सगळ्या गावांत न्यायचं ठरणार, ते माझ्या अहवालावर. मी तो देणार नाही. लोकांना हवं ते कारण सांग, मला वेडी म्हण, पण आधी घराघरांतून ती तिसरी हाक काढ. पायाला हात लावून मागते. अर्पिताला मी आता हाक मारतच नाही, जवळ जाऊन हात धरते. आत्ता ती माझ्या मांडीवर आहे. मागच्या दाराकडून माझ्या आवाजात दोन हाका येऊन गेल्या. डाव्या हाताने मी तिचं तोंड दाबून धरलं आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं, समजून घे.

तुझीच,
संध्या