हरवलेल्या साखळ्या

नारीन, ११ जानेवारी २००९. संध्याकाळी ६.

लाईट गेली. कॉम्प्युटर नेमका सेव्ह करत होता. काळजीचं कारण नाही. भूगोलाचा मास्तर असलो तरी शाळेतला कॉम्प्युटर चार वर्षं मीच सांभाळला.

१२ जानेवारी.

स्क्रीन काळी, इंग्रजीत लिहिलंय : डिस्क खराब. तीत आमची वंशावळ आहे. शेरगाझीकाकांनी मरण्यापूर्वी सांगितलेली, अकरा पिढ्या, ३४० नावं. दुसरी प्रत नाही. रविवारी काकांचं वर्षश्राद्ध, तिथे ती मीच वाचायची. आमच्यात सात बाप, म्हणजे बापापासून वरच्या सात पिढ्या, तोंडपाठ नसलेल्याला माणसांत धरत नाहीत. मला तीन येतात.

बात्मा म्हणाली, "छापून ठेवा म्हटलं, तर म्हणालात कागद फाटतो." बायकोने असल्या वेळी बोलू नये.

१३ जानेवारी.

डिस्क तपासायला लावली. ६१ टक्के झाले. लाईट गेली.

१४ जानेवारी.

पुन्हा पहिल्यापासून. हात लावायचा नाही असा निश्चय. ८८ टक्के. लाईट गेली. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. भिंत गार होती.

१५ जानेवारी. दुपार.

जिंकलो! शेवटी विचारलं, हरवलेल्या साखळ्यांच्या, म्हणजे डिस्कवर सुट्या पडलेल्या तुकड्यांच्या, फायली करू का, हो की नाही? मी सगळ्यांना हो म्हटलं. स्वभावच होकारार्थी.

संध्याकाळ.

२१३ फायली मिळाल्या. नाव एकीलाही नाही, नुसते नंबर. एकीत वीज कार्यालयाला लिहिलेल्या तक्रारीचा अर्धा भाग. बाकीच्यांत अक्षरांच्या जागी चौकोन. पूर्वजांचे चौकोन झाले. रडलो. बात्माला सांगितलं, चुलीचा धूर.

१६ जानेवारी.

आमच्या शाखेतले म्हातारे संपले. राहिली काकांची बायको, कालिपा अपा. तिला सगळी नावं येतात. पण ती सून! सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं सुनेने घ्यायची नसतात. अठ्ठावन्न वर्षांत तिने एकही घेतलेलं नाही.

"तुझ्या आजोबांचे आजोबा ना? ज्याने सरपण फोडतात ते."

कुऱ्हाड, आमच्या भाषेत बाल्ता! म्हणजे बाल्ताबाय. मी चलाख आहे.

"त्यांचे वडील?"

"रात्री डोंगरात ओरडतो तो."

लिहून घेतलं : घुबड.

"आणि त्यांचे?"

"ते... आपले ते. आणि पोरा, त्यांचेही आपले तेच."

पाया पडायचं तेवढं राहिलं. म्हणाली, "तुझे काका ऐकतायत, मी कशी घेऊ?"

१७ जानेवारी.

घुबडावरून बात्मा हसते आहे. म्हणते, लांडगा असेल. तिचा आत्मविश्वास बघून चीड येते. उद्या कॉम्प्युटर पंगतीतच नेणार. पाहुण्यांना काही आठवलं तर थेट टाईप. नवी पद्धत.

१८ जानेवारी. श्राद्ध.

घोड्याचं मांस वाढून झालं. कोचकोर गावाहून आलेले, दुसऱ्या शाखेतले साबीर आजोबा म्हणाले, "हं, मास्तर, सांगा सात बाप." तीन सांगितले. बाल्ताबाय सांगितला. मग म्हणालो, घुबडबाय.

मग सगळी पंगत हसली. काकांच्या श्राद्धाला हसली, माझ्यामुळे. मेलो असतो तर बरं.

तेवढ्यात कालिपा अपा उठली. डोक्यावरचा रुमाल सारखा केला. काकांच्या रिकाम्या गादीकडे तोंड करून म्हणाली, "माफ करा हं." आणि घेतली. एकेक नाव, अकरा पिढ्या, तीनशे चाळीस. आवाज कापत होता, नाव एकही चुकलं नाही. बायका रडत होत्या. मी टाईप करत होतो, आयुष्यात कधी केलं नाही इतक्या वेगाने. सेव्ह शेवटी एकदमच करू म्हटलं, मध्ये लय तुटते.

ती बसली. लाईट गेली.

अंधारात म्हणालो, "अपा, पुन्हा एकदा."

"एकदा घेतली, पोरा. तुझी लाज राखायला. आता नाही."

१९ जानेवारी.

सकाळपासून पाहुण्यांना विचारतोय. एक म्हणतो पाचवा तेमीर, दुसरा म्हणतो छे, तो आठवा. डिस्क पुन्हा खराब. तपासणी चालू, ४ टक्के. आशा आहे.

बात्माने आत्ता विचारलं, "काय लिहिताय?"

"रोजनिशी."

"या वहीत? काल कुठे होती ही?"

कोटाच्या खिशात होती. पेनासकट.