गॅसला हात लावायचा नाही

प्रिय रंजीता,

तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा भलतंच बोललो. एकदा बकरीला दोन पिल्लं झाली ते. एकदा इंझोरीच्या बाजारात चपलेचा अंगठा तुटला ते. तिसऱ्यांदा तूच म्हणालीस, सोमवारी प्रकल्पाची तोंडी परीक्षा आहे, वाचू दे मले. म्हणून कारंज्याच्या एसटी स्टँडवर बसून लिहितोय. बसून म्हणजे, दोन ओळी झाल्या की एक चक्कर मारून येतो.

त्या दुपारचं सांगायचं आहे. तुला टायफॉइड, हाताला सलाईन, याडी लेकीच्या उशाशी पंखा हलवते आहे, आणि परदेशातलं ते छोटं टोकामॅक यंत्र नेमकं त्याच दिवशी तुला इंटरनेटवरून चालवायला दोन तासांसाठी मिळालेलं. तू लॅपटॉप माझ्या हातात दिलास. बारावी नापास भावाच्या! मी तो लखनच्या मोबाइलच्या दुकानात नेला, वायफाय त्याच्याकडेच म्हणून. पानावर आकडे भरायचे, बटण दाबायचं, की तिकडे सायकलच्या ट्यूबसारख्या गोल पोकळ नळीत जरासा हायड्रोजन तापून प्लाझ्मा व्हायचा आणि पापणी लवायच्या आत विझायचा. मग आलेख यायचा, सोबत एक गुलाबी फोटो. लखन म्हणे, "काहून बे, रिचार्ज मारून राह्यला का रॉकेट सोडून राह्यला?" मी म्हटलं, तुया दुकानातून सूर्य पेटवून राह्यलो. हसू नको. ऊसतोडीला गेलो, पुण्यात डिलिव्हरी केली, सुरतेला साड्यांच्या घड्या घातल्या, पण कुठल्याच कामात छाती अशी धडधडली नव्हती. सुरतेचा मालक तर... जाऊ दे, ते नंतर.

तू बजावलं होतंस, दहा शॉट घे, म्हणजे दहा वेळा पेटव, दर वेळी फक्त व्होल्टेज वाढव, गॅसला हात लावायचा नाही. सहा शॉट इमानदारीनं घेतले. प्रत्येकानंतर पाच-सात मिनिटं नुसतं बसून राहायचं. सगळे आलेख थोटकेच. माझे पाय वळवळायला लागले.

सातव्याला मी गॅस कमी केला. उगाच, काय होते पाहू म्हणून. आठव्याला आणखी कमी. प्लाझ्मा दुप्पट टिकला, लखननं टाळ्या वाजवल्या, आणि मी वहीत मात्र तू सांगितलेलाच गॅसचा दाब लिहिला, तू ओरडशील म्हणून. नवव्याला होता तसा केला. त्या दोनच जागी तुझा आलेख उंच गेलाय, रंजीता. व्होल्टेजचा नेमका टप्पा सापडला म्हणून सरांनी तुझी पाठ थोपटली, तू फोनवर रडलीस, आणि मी बकरीचं बोललो. खरे आकडे त्या यंत्राच्या साइटवर आहेत. सोमवारी बाहेरचे परीक्षक उघडून पाहतील आणि खोटी तू ठरशील. सातवा, आठवा खोडून टाक. उरलेल्या आठांत जेवढं दिसतं तेवढंच सांग. समोर आलो की मी पुन्हा भलतंच बोलेन, म्हणून हा कागद कंडक्टर गोमतीकाकीच्या हाती आत पाठवणार आहे. तू हे वाचशील तेव्हा मी तिच्याच बसनं येऊन तुझ्या होस्टेलच्या गेटबाहेर उभा असेन. ओरडायचं तेवढं ओरड, मग सरांकडे घेऊन चल. त्यांना मीच सांगतो.

तुझाच, आज न पळालेला भाऊ,
बादल