डोंगरावरून परवानगी

३ जुलै
झालं एकदाचं! शाळेच्या सभेत बाईंनी इतकं घाबरवलं, की ह्यांनी (आमचे नवरोबा) परस्पर नारीन शहराच्या बाजारात जाऊन घरातल्या सगळ्या फोनांत चाळणी बसवून आणली. वाईटसाईट काही उघडलं की फोन अडणार, कुटुंबप्रमुखाला खबर जाणार, त्याने परवानगी दिली तरच दिसणार. दुकानदाराने विचारलं, "प्रमुख कोण?" हे म्हणाले, "वडील! दुसरं कोण?"

बरोबरच आहे. बाप जिवंत असताना स्वतःचं नाव घातलं, तर लोक तोंडात शेण घालतील. पण मामंजी उन्हाळाभर वर कुरणावर, घोड्यांपाशी! तंबूत रेंज नाही. टेकडीवर चढलं तर एक काडी येते.

५ जुलै
जाऊबाईंनी मेंढा कापल्याचा फोटो पाठवला. जेवायचं आमंत्रण! फोन म्हणे, हिंसा. आमच्या झार्कीनने कुमीस टिकवायची रीत शोधली, तर म्हणे मादक पेय. घोडीचं दूध ते! पोरगी पाय आपटत गेली.

ह्यांची तर मजाच. घोड्यांवरून बोकड पळवायचा सामना बघायला बसले — क्रूरता! चाळिशीचा बाप्या, बापाकडे परवानगी मागून दिवसभर डोंगराकडे तोंड करून बसला. मी ओढणीत तोंड घालून हसले.

७ जुलै
आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली हाताला. पुन्हा चाचपली. आहे.

आई ह्यातच गेली.

८ जुलै
गावच्या दवाखान्यातली नर्स ह्यांची मामेबहीण. तिला दाखवलं तर संध्याकाळपर्यंत गावभर! म्हटलं, आधी फोनवर वाचू. लिहिलं, 'स्तनात गाठ'. लाल पडदा! 'अश्लील मजकूर. बुरूल यांच्या या शोधाची खबर कुटुंबप्रमुखांना दिली आहे.'

मेले! सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लग्न झाल्यापासून मी घेतलेलं नाही. त्यांच्याकडे पाठ करून कधी खोलीबाहेर गेले नाही. आणि त्यांना आता माझ्या नावानिशी हे?

९ जुलै
चाळणीवाल्यांना फोन केला. ती खबर परत घ्या म्हटलं.
"प्रमुखांचं नाव सांगा."
"ते नाही घेता येत."
"मग ओळख कशी पटायची?"
"तुम्ही घ्या, मी हं म्हणते!"
"बाई, नियम आहे."
"अहो, घोड्याची नाल ज्याची करतात ना, त्यावरून आहे नाव!"
"मी इथे कोडी सोडवायला बसलेलो नाही." ठेवला फोन मेल्याने!

११ जुलै
ह्यांचा सामना अजून उघडलेला नाही. "टेकडीवर गेलेच नसतील बाबा," असं कुरकुरतात. देव करो आणि तसंच असो! गाठ तिथेच आहे. भाकरीचं पीठ मळतानाही हात तिकडेच जातो. झार्कीनचं लग्न बघायचंय मला. भीती वाटते, फार भीती वाटते.

१२ जुलै
मामंजी आले! भर हंगामात, घोड्या दोहायच्या सोडून! मी चहा घेऊन गेले, मान खाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ह्यांनाच म्हणाले,
"घोडीच्या कासेत गाठ आली तर मी काय करतो रे?"
"कुठली घोडी, बाबा?"
"लगेच दाखवतो. शेजारीपाजारी काय म्हणतील, म्हणून बसून राहत नाही."
"हो, पण घोडी कुठली?"
"गाढवा! गाडी काढ. सुनेला बिश्केकला न्यायचंय, उद्याच. बाईडॉक्टरशी बोलून आलोय टेकडीवरून. मीही येतोय."
"आणि माझा सामना..."
"खड्ड्यात गेला तुझा सामना! परवानग्या कसल्या मागता? वाचून का गाठ जाते?"
ह्यांना तेव्हा कुठे उमगलं. माझ्याकडे बघतच राहिले. मी चहाचं तबक घेऊन उलट्या पावली बाहेर आले आणि मोरीत बसून रडले.

१३ जुलै
बिश्केक. हे गाडी लावायला गेलेत. दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, "सोबत कोण? नाव सांगा." मामंजी शेजारीच बसलेले, जमिनीकडे बघत. मी सांगितलं.

"तेमीरबेक."

म्हातारा ताडकन उठून उभा राहिला. "हजर!"